चारच्या चहाला जाऊ का?

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणारी मैत्रीण पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मराठवाड्यातलं गाव, शेतकरी घर, दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढे नेट परीक्षा आणि फेलोशिप. विषय ज्वारीच्या मुळांभोवतीचे सूक्ष्मजीव. तिच्या आणि शेजारच्या लॅबमधली मंडळी रोज चार वाजता कँटीनमध्ये चहाला जमतात आणि तासभर बोलत बसतात. पोस्टडॉक (पीएचडीनंतरची मुदतीची संशोधनाची नोकरी), गाइड लोकांचे स्वभाव, निवडणुका, वेब सिरीज, लग्नं, आरक्षण, सगळंच निघतं. पहिल्या वर्षी ती जायची, मग हळूहळू थांबली. बोलणं इंग्रजीत, विनोद कळायला उशीर व्हायचा, आपल्याला तिथे बोलण्यासारखं काही नसतं असं वाटायचं. एकदा कोणीतरी हसत म्हणालं, "कोट्यातून आलेल्यांना बरं असतं", आणि टेबलावरचं कोणीच काही बोललं नाही. आणखी एकदा तिनं सहज सांगितलं, की आमच्याकडे ज्वारीचं वाण निवडताना धान्याइतकंच कडब्याकडेही बघतात, तेव्हा नमुने घेताना हा फरक धरायला हवा. काही दिवसांनी एका सीनियरच्या स्लाइडवर तोच मुद्दा त्याचा म्हणून आला. आता प्रगतीच्या बैठकीत गाइडनी शेरा मारलाय, "तू कोणात मिसळत नाहीस." गावाहून वडील विचारतात, सरकार पैसे देतं ते काम करायला ना? तिचा प्रश्न असा: या गप्पा कामाचा भाग आहेत का? नसतील तर उरलेली वर्षं मान खाली घालून प्रबंध संपवू? शेवटी तिनं हेही लिहिलंय, की काळ्या मातीतून काढलेल्या डीएनएवर तिचा पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायचा प्रयोग) कित्येक आठवडे लागत नव्हता, आणि त्यावरचा उपाय शेजारच्या लॅबमधल्या एकाला ठाऊक होता, हे तिला फार उशिरा कळलं.

उत्तर:

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच पत्राच्या शेवटी लिहून ठेवलंय. काळ्या मातीतली चिकणमाती डीएनए धरून ठेवते, मातीतली ह्युमिक द्रव्यं (कुजलेल्या पालापाचोळ्यातून आलेली) पीसीआर अडवतात, हे छापील शोधनिबंधांत सापडतं. पण तुमच्या संस्थेतल्या त्या मशीनवर, तुमच्या किटसोबत, मराठवाड्याच्या मातीचा नमुना किती पातळ केला म्हणजे बँड, म्हणजे पीसीआर लागल्याची पट्टी, दिसतो, हे कुठल्याही शोधनिबंधात छापलेलं नसतं. मुळांना चिकटलेली माती झटकून घ्यावी, एवढंच 'पद्धती'च्या परिच्छेदात लिहितात. किती झटकायची? ओली काळी माती ढेकळासारखी मुळांना धरून बसते आणि वाळली की भेगा पडून मुळं तुटतात. हे ज्यानं हातानं केलंय तोच सांगू शकतो, आणि तो ते बहुधा चहा पितानाच सांगतो. शेजारचा तो मुलगा काही लपवून बसला नव्हता. तुम्ही अडला आहात हे त्याला माहीत नव्हतं, इतकंच.

म्हणून माझं मत आधीच सांगते. त्या गप्पा कामाचा भाग आहेत. सगळ्या नाहीत, पण ज्या आहेत त्यांना दुसरी जागा नाही.

वडिलांचा प्रश्न मला रास्त वाटतो आणि त्याचा मान राखून उत्तर द्यायला हवं. २०२३ पासून ज्युनियर फेलोशिप महिना ३७,००० रुपये आहे, पुढे सीनियर झाल्यावर ४२,०००. पावसावर अवलंबून असलेल्या घराला दरमहा ठरावीक येणाऱ्या पैशाची किंमत माहीत असते, आणि तो पैसा लोकांचा आहे ही जाणीव तुमच्या वडिलांना आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. त्यांना एवढंच सांगा, की पेरणीआधी पारावर बसून कोणाचं बी उगवलं, कोणत्या दुकानातल्या पिशव्या फसल्या, हे जसं बोललं जातं तसंच हे आहे. ते बसणं त्यांनी कधी रिकामपण मानलं नसेल.

आता तुमच्या प्रश्नामागचं एक गृहीतक. तुम्ही लिहिता, "मला त्या टेबलावर बोलण्यासारखं काही नसतं." आणि त्याच पत्रात पुढे लिहिता, की तुम्ही बोललेली गोष्ट एका सीनियरला स्वतःच्या स्लाइडवर घ्यावीशी वाटली. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. कडब्याचा मुद्दा तुम्ही कुठल्या जर्नलमध्ये वाचला नव्हता. रब्बीची ज्वारी जमिनीतल्या साठलेल्या ओलीवर उभी राहते, मालदांडीसारखं जुनं वाण लोक भाकरीच्या चवीसाठी आणि जनावरांच्या वैरणीसाठी धरून ठेवतात, दुष्काळात धान्यापेक्षा कडब्यानं घर तरतं, हे सगळं तुम्ही घरात बघितलंय. ताटाची उंची, पानं, मुळांचा पसारा यांनुसार मुळांभोवतीचे सूक्ष्मजीव बदलतात का, हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे आणि तो तुम्ही चहाच्या कपावर मांडला. त्या टेबलावर बसलेल्यांपैकी कितीजणांनी ज्वारीचं शेत काढणीच्या दिवसांत बघितलंय?

संकोचाबद्दल एक घडलेली गोष्ट सांगते. अमेरिकेत प्रिन्स्टनला 'इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडी' आहे. तिथे दुपारच्या चहाला सगळे एकत्र जमायची रीत आहे. १९७२ मध्ये ह्यू माँटगोमेरी नावाचा तरुण गणिती तिथे भेटीला आला होता. अविभाज्य संख्यांशी संबंधित असलेल्या झीटा फलनाच्या शून्यांमधल्या अंतरांवर तो काम करत होता. चहाच्या वेळी लाहोरला वाढलेले गणिती सर्वदमन चौला त्याला म्हणाले, तिकडे भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन बसलेत, चल ओळख करून देतो. एवढ्या मोठ्या माणसाला कशाला त्रास द्यायचा म्हणून माँटगोमेरी नको म्हणत होता. चौलांनी ऐकलं नाही, त्याला नेऊन उभं केलं. डायसननी विचारलं, काय करतोस? त्यानं आपलं सूत्र सांगितलं आणि डायसन चकित झाले, कारण जड अणुकेंद्रकांच्या ऊर्जापातळ्यांसाठी भौतिकशास्त्रज्ञ जे यादृच्छिक सारणींचं (रँडम मॅट्रिक्स) गणित वापरतात, त्यात हेच सूत्र येतं. अंकसिद्धांताच्या (नंबर थिअरी) एका कोपऱ्याचा भौतिकीशी असा संबंध लागला, आणि त्यावर आजही काम चालू आहे.

ही गोष्ट सांगताना लोक डायसनच्या बुद्धीचं कौतुक करतात. मला त्यात चौला महत्त्वाचे वाटतात. संकोचलेल्या माणसाला हाताला धरून दुसऱ्या टेबलापर्यंत नेणारं कोणीतरी लागतं. तुमच्या संस्थेत असं माणूस कोण आहे, याचा विचार करा. ते प्राध्यापकच असायला हवेत असं नाही. तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी पुढची एखादी मुलगी, लॅबचे जुने टेक्निशियन, ग्रंथालयातल्या बाई, कोणीही चालेल. त्यांना सरळ सांगा, "मला एकटीनं त्या टेबलावर जायला अवघड वाटतं, तुम्ही जाल तेव्हा मला हाक माराल का?" हे मागण्यात कमीपणा नाही. आणि हे वाचणाऱ्या सीनियर मंडळींना माझी विनंती आहे, की चहाला उठताना एकदा मागे वळून बघा, खुर्चीवर कोण उरलंय.

इंग्रजीचं फार मनावर घेऊ नका. पुण्यातल्या संशोधन संस्थांमध्ये मल्याळी, बंगाली, तमिळ, ओडिया मुलं असतात, म्हणून बोलणं इंग्रजीत होतं. त्यांच्यातल्याही अनेकांचं इंग्रजी तुमच्यासारखंच तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत घासून बसतं. विज्ञानाचे शब्द तुम्हाला येतातच. मधली वाक्यं हिंदीत बोला, मराठी माणूस समोर असेल तर मराठीत बोला. एखादी वेब सिरीज बघितली नसेल तर "नाही बघितली, काय आहे त्यात?" असं विचारलं की पाच मिनिटं समोरचाच बोलतो.

पण ते कोट्याचं वाक्य. त्याबद्दल मला नीट बोलायचंय, कारण तुम्ही ते पत्रात एका ओळीत लिहून पुढे गेला आहात, आणि माझ्या मते तुमचं चहाला जाणं खरं तिथेच थांबलं.

तुम्ही कोणत्या प्रवर्गातून आलात हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि मला ते विचारायचंही नाही. त्या टेबलावरच्या लोकांनाही तो हक्क नाही. अशा वाक्यानंतर माणूस मनातल्या मनात खुलासे तयार करत बसतो: माझे मार्क इतके होते, मी नेट पहिल्या प्रयत्नात काढली, माझा कटऑफ अमुक होता. यातला एकही खुलासा तुम्ही कोणाला देणं लागत नाही. आरक्षण ही घटनेनं दिलेली तरतूद आहे. ती वापरून आलेला विद्यार्थी आणि न वापरता आलेला विद्यार्थी यांचा प्रबंध एकाच प्रकारच्या परीक्षकांकडे जातो.

टेबलावर बसायला कोण लायक आहे, हे तिथे आधीपासून बसलेल्यांनी ठरवायची सवय जुनी आहे. कमला सोहोनी, म्हणजे तेव्हाच्या कमला भागवत, लेखिका दुर्गाबाई भागवतांची बहीण, मुंबईहून पदवी घेऊन १९३३ मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या. संचालक होते सी. व्ही. रामन. स्त्री म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत, तेव्हा रामन यांनी त्यांना घेतलं, पण एक वर्ष परीक्षेवर. ते वर्ष संपल्यावर त्यांचं काम मान्य झालं आणि पुढे त्या संस्थेत इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला. १९३९ मध्ये त्यांना केंब्रिजची पीएचडी मिळाली. विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतात. त्यांचं केंब्रिजमधलं काम वनस्पतींमधल्या सायटोक्रोम-सी या पेशींच्या श्वसनातल्या प्रथिनावर होतं, म्हणजे तुमच्या विषयाच्या शेजारचंच. मला या हकिकतीत एक गोष्ट टोचते. परीक्षेवर ठेवलेलं ते वर्ष कमलाबाईंनी निभावलं म्हणून आपण त्यांना धन्य म्हणतो, पण ते वर्ष त्यांच्यावर लादायचं कारणच नव्हतं. तुमच्यावरही कोणी असं अघोषित परीक्षेचं वर्ष लादत असेल, तर ते निभावून दाखवण्याची जबाबदारी तुमची नाही.

मग करायचं काय? पुन्हा कोणी तसं बोललं आणि तुमच्यात त्या वेळी बळ असेल, तर शांतपणे विचारा, "म्हणजे नक्की काय बरं असतं?" आवाज चढवायची गरज नाही. असं बोलणाऱ्याला स्वतःचं वाक्य उलगडून सांगावं लागलं, की तो बहुतेक वेळा मागे येतो. बळ नसेल तर उठून जा, त्यात हार नाही. तुमच्याकडे रोखून वारंवार बोललं जात असेल, तर तारीख, जागा आणि कोण उपस्थित होतं ते लिहून ठेवा आणि संस्थेच्या समान संधी कक्षाकडे किंवा एससी-एसटी कक्षाकडे जा. ते कक्ष कागदावरच आहेत असा अनुभव अनेकांना येतो हे मी जाणते, तरी लेखी तक्रारीची पोच हातात असणं वेगळं. आणि त्या दिवशी जे गप्प बसले, त्यांच्यात एखादी तरी व्यक्ती अशी असेल जिला ते खटकलं होतं. तिला एकटीला गाठून विचारून बघा. पुढच्या वेळी तिचं बोलणं तुमच्या बोलण्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आता त्या सीनियरचं. तुम्ही त्याला चोर म्हटलेलं नाही, मीही म्हणत नाही. गप्पांत ऐकलेली कल्पना महिन्यानंतर आपलीच वाटू लागते, हे खरोखर घडतं. पण तसं घडतं म्हणून सोडून द्यावं असंही नाही.

याची एक जुनी आणि सुंदर रीत आहे. पोलंडमधल्या ल्वूव शहरात, आज ते युक्रेनमध्ये ल्विव म्हणून आहे, 'स्कॉटिश कॅफे' होता. स्टेफान बानाख, स्तानिस्लाव माझूर, उलाम ही गणिती मंडळी तिथे तासन्‌तास बसत आणि टेबलाच्या संगमरवरावर पेन्सिलीनं गणित लिहीत. पुसलं की गेलं. १९३५ मध्ये बानाखच्या पत्नीनं एक जाड वही आणून दिली. ती कॅफेतल्या लोकांकडेच असे, मागितली की मिळे. त्यात प्रश्न लिहायचा, कोणी मांडला ते लिहायचं, तारीख घालायची आणि कधी बक्षीसही जाहीर करायचं. माझूरनं १९३६ मध्ये लिहिलेल्या एका प्रश्नाला बक्षीस होतं जिवंत हंस. तो प्रश्न स्वीडनच्या पेर एन्फ्लो यांनी सोडवला आणि १९७२ मध्ये त्यांना तो हंस खरोखर देण्यात आला. कल्पना कोणाची हे तिथे नोंदलेलं असे, कारण वही होती.

तुमच्याकडे लॅबची नोंदवही आहे. चहावरून परत आलात की दोन ओळी लिहा: आज अमुक विषय निघाला, मी असं म्हटलं, याने असं सुचवलं. तारीख घाला. कल्पना खरंच कामाची वाटली तर त्याच संध्याकाळी गाइडना छोटी ई-मेल करा, "आज चहाच्या वेळी हे बोलणं झालं, मला यावर पुढे काम करून बघायचंय." यानं तुमचा हक्क राहतो आणि दुसऱ्याचाही, ज्याच्या सूचनेचा तुम्हाला उपयोग झाला त्याचं नाव तुम्हीही ऋणनिर्देशात घाला. त्या सीनियरशी मात्र समोरासमोर बोला, आणि लवकर बोला. "तुमच्या स्लाइडवरचा कडब्याचा मुद्दा मी त्या दिवशी बोलले होते. पुढच्या वेळी माझं नाव घालाल का? आणि यावर एकत्र काम करता येईल का?" तो सभ्य असेल तर ओशाळेल आणि नाव घालेल. तो उडवून लावेल तर गाइडना सांगा, तक्रारीच्या सुरात नाही, माहिती म्हणून. हा तुमच्या प्रबंधाचा एक प्रकरणभर विषय होऊ शकतो. तो हातचा जाऊ देऊ नका.

उरला तुमचा दुसरा पर्याय, मान खाली घालून प्रबंध संपवण्याचा. तो चुकीचा नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं मिळतात, स्त्रियांना आणखी दोन वर्षांपर्यंत सवलत मिळू शकते. प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापून आलाच पाहिजे ही देशभराची सक्तीही त्या नियमांनी काढली, मात्र संस्था स्वतःची अट ठेवू शकते. एकटीनं काम करून पदवी मिळते, अनेकांनी मिळवलीय. अडचण त्यानंतर येते. पोस्टडॉकची जागा कुठे रिकामी होतेय, कोणत्या लॅबमध्ये माणसं पिळली जातात, पैसे घेऊन छापणारं जर्नल कसं ओळखायचं, हे कुठे लिहिलेलं नसतं. २०२५ मध्ये यूजीसीनं मान्य जर्नलांची 'केअर' यादी बंद केल्यावर तर हे शेवटचं ज्ञान आणखीच तोंडी झालंय. तुमच्या गावच्या किंवा घरच्या ओळखीत हे सांगणारं कोणी नाही. ज्यांच्या घरी आधीच प्राध्यापक आहेत, त्यांनी चहाला दांडी मारली तरी त्यांना ते जेवणाच्या ताटावर कळतं. म्हणून मी तुम्हाला जा म्हणते. त्या टेबलाची गरज तुम्हाला त्यांच्यापेक्षा जास्त आहे.

रोज जायचं कारण नाही. आठवड्यातून दोन दिवस ठरवा, अर्धा तास बसा, कामाचा एक तरी प्रश्न सोबत न्या. "काळ्या मातीचा डीएनए कोणी काढलाय का?" असा साधा. बोलणं एखाद्या गैरहजर मुलीच्या लग्नावर किंवा कोणाच्या भांडणावर गेलं की कप उचलून निघा. तिथे ऐकलेलं दुसरीकडे नेऊ नका आणि गाइडबद्दलचं मन तिथे मोकळं करू नका, त्यासाठी संस्थेबाहेरची एक मैत्रीण ठेवा. कोणी आपला अजून न छापलेला निकाल सांगितला तर तो तुमच्यापाशीच राहू द्या. गप्पा रात्री नऊनंतर बाहेरच्या टपरीवर सरकत असतील आणि तुम्हाला ते सोयीचं नसेल, तर तसं सांगा. लहान मूल असलेल्या किंवा लांबून येणाऱ्या बायकांना तो वेळ कधीच जमत नाही आणि त्यांनी बोलून दाखवल्याशिवाय ते कोणाच्या लक्षात येत नाही.

हे टेबल महिना-दोन महिने बघूनही आपलं वाटलं नाही, तर दुसरं मांडा. तुमच्यासारख्या मुली शेजारच्या विभागात नक्की आहेत. शुक्रवारी दुपारी तिघी-चौघी बसा, ज्या भाषेत विचार करता त्या भाषेत आठवड्याचं काम एकमेकींना सांगा. केंब्रिजच्या रेण्वीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत तिचे प्रमुख मॅक्स पेरुट्झ यांनी कँटीन मुद्दाम सगळ्यांचं एकत्र ठेवलं होतं आणि त्यांच्या पत्नी गिझेला ते अनेक वर्षं चालवत होत्या. नोबेल मिळालेला आणि कालच आलेला, दोघंही एकाच ठिकाणी चहा घेत. संस्थाचालकांनी हे मनावर घ्यावं असं मला वाटतं, पण त्यांची वाट बघत तुम्ही थांबायची गरज नाही.

गाइडच्या शेऱ्याचं उत्तर पुढच्या बैठकीपर्यंत लांबवू नका. संशोधन सल्लागार समिती दर सत्राला तुमच्या कामाची प्रगती बघते. "मिसळत नाहीस" हे प्रगतीचं मोजमाप नाही, आणि ते कागदावर तसंच राहिलं तर पुढे अडचण होते. या आठवड्यात त्यांची वेळ मागून घ्या. त्यांना विचारा, "मिसळत नाही म्हणजे तुम्हाला नेमकं काय कमी दिसलं? सेमिनारमध्ये प्रश्न विचारत नाही हे, की इतर लॅबशी काम करत नाही हे?" उत्तर ऐकून घ्या. मग पीसीआरचा प्रसंग सांगा, चहा का सोडला ते सांगा, कोट्याच्या वाक्यासकट. त्यांना हे कदाचित माहीतच नसेल. आणि उठण्यापूर्वी कडब्याच्या वाणांचा तो प्रश्न एका पानावर लिहून त्यांच्यापुढे ठेवा, तुमच्या नावानं आणि तारखेसह.